गाडी काळी होती, करडी नव्हती

१५ जून, रविवार

सकाळपासून पाऊस धरून आहे. डोंबिवलीत अशा दिवशी कपडे वाळत नाहीत, तिथे रंग काय वाळणार! तरी माझ्या टॅक्सीच्या मॉडेलच्या टपाचा पिवळा आज मारलाच. गेले तीन रविवार एक लग्न, एक मुंज आणि सोसायटीची मीटिंग यांनी खाल्ले होते. चौथा कोणाला द्यायचा नाही, असं ठरवून गॅलरीचं दार आतून लावून घेतलं.

पिवळा आधी, काळा नंतर. उलटं चालत नाही. काळ्यावर कितीही हात मारा, पिवळा हिरवट आणि मेलेलाच दिसतो. म्हणून आधी पांढरा प्रायमर, त्यावर पिवळ्याचे तीन पातळ हात. तो कडक वाळला की टपाच्या पन्हळीला धरून टेप लावायची आणि खालचं सगळं काळं करायचं. आमच्या गाडीचा पिवळा पन्हळीशी संपायचा. ती रेघ वाकडी गेली की टॅक्सी लगेच खेळण्यातली दिसते.

गाडी म्हणजे प्रीमिअर पद्मिनी, १/२४, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची. अण्णांची, माझ्या वडिलांची टॅक्सी. नाव पद्मिनी, पण ते कागदावर. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ला ती 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून निघाली, मग 'प्रेसिडेंट' झाली, १९७४पासून 'पद्मिनी'. स्टँडवर शेवटपर्यंत सगळे फियाटच म्हणायचे. त्याच्या आधीची गोल पाठीची ती 'डुक्कर फियाट'. हे नाव कोणी ठेवलं देव जाणे, पण गाडी समोर आली की दुसरं नाव सुचत नाही.

तयार किट मला हवं तसं मिळालं नाही, म्हणून लाकडाचा ठोकळा कोरला आणि त्यावर गरम केलेली स्टायरीनची, म्हणजे प्लॅस्टिकची, शीट दाबून बॉडी काढली. यात गेलं वर्ष गेलं. सहा बॉड्या फुकट गेल्या, सातवी बरी निघाली. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर खऱ्या गाडीत २३४० मिलिमीटर, माझ्याकडे साडेसत्त्याण्णव. व्हर्निअर लावून मोजलं तर सत्त्याण्णव पूर्णांक आठ भरतं. हे तीन दशांश मी कोणाला सांगितलेले नाहीत.

२२ जून, रविवार

काळा मारला आणि फसलो.

पहिला हात सुरेख बसला. आरशासारखा. चहा घेऊन परत येईपर्यंत दोन्ही उजव्या दारांवर दुधावर धरते तशी साय धरलेली. कारण माहीत आहे, आणि माहीत असून केलं म्हणून जास्त चीड आली. लॅकरचा थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो आणि पावसाळी हवेतलं पाणी त्या गार रंगावर बसून आत अडकतं. बर्फाच्या पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम येतो, तेच.

खाली नाक्यावर डेंटिंग-पेंटिंगवाला आहे, त्याच्याकडे बाटली घेऊन गेलो. तो हसला. "साहेब, एवढ्याशा गाडीला कशाला पाहिजे?" म्हणत त्याने अर्धी वाटी स्लो थिनर दिला, पैसे घेतले नाहीत. घरी येऊन त्याचा नुसता फवारा दारांवर मारला. रंग पुन्हा ओला झाला, अडकलेलं पाणी निघून गेलं आणि साय वितळल्यासारखी नाहीशी झाली. आता गाडी कपड्यांच्या जुन्या कपाटात आहे, खालच्या कप्प्यात ४० वॉटचा बल्ब लावून. बल्ब दूर ठेवलाय, नाहीतर टप पापडासारखा वाकायचा. हिच्या दोन साड्या हॉलमधल्या सोफ्यावर आल्या आहेत आणि त्याबद्दल मला ऐकवून झालं आहे.

६ जुलै, आषाढी

साबुदाण्याची खिचडी खाऊन अण्णा गॅलरीत आले. नेहमी येत नाहीत. थिनरच्या वासाने त्यांना खोकला येतो. आज टेबलावर गाडी उघडी होती. चष्मा लावला, वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"धुतली नाहीये का?"

मला कळेना.

"रंग असा का? करडा?"

आता हे त्यांना कसं समजवायचं! लहान मॉडेलला डबीतला निव्वळ काळा मारला तर तो डोळ्याला जड जातो. खरी गाडी आपण चार-सहा पावलांवरून बघतो, मधल्या हवेने काळा थोडा फिका पडलेला असतो. म्हणून मॉडेल करणारे काळ्यात चार थेंब पांढरा घालतात. मीही घातला होता आणि त्या चार थेंबांवर खूश होतो. हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, प्रवचन ऐकतात तसं.

"गाडी काळी होती. करडी नव्हती," म्हणाले आणि विठ्ठलाच्या अभंगांचा कार्यक्रम बघायला आत गेले.

पहाटे साडेचारला चाळीच्या नळावर बादली भरून गाडी धुणारा माणूस तो. नऊ वर्षं दुसऱ्याची गाडी खाकीत चालवली, मग स्वतःचं परमिट आणि पांढरा शर्ट-पँट. मालक-चालकाने पांढरं घालायचं, पगारी ड्रायव्हरने खाकी. त्या पांढऱ्या कपड्यांवर आई नीळ घालायची आणि बोनेटवर अण्णा कापड मारायचे. घरात चकचकीत म्हणाव्यात अशा या दोनच गोष्टी.

रात्री वॉटर पेपरने सगळं उतरवलं. हजार नंबरचा, साबणाच्या पाण्यात. पुढच्या रविवारी डबीतला काळा, न मिसळता.

२३ जुलै, बुधवार

ऑफिसमध्ये जेवताना बातमी वाचली, मॉडेलची किटं काढणाऱ्या तामिया कंपनीचे शुन्साकू तामिया गेले. नव्वद वर्षांचे होते. शेजारच्याला सांगितलं तर त्याने विचारलं, "कोण, क्रिकेटवाले?"

जपानच्या शिझुओकामध्ये वडिलांनी १९४६ला काढलेली लाकडाची वखार. तिथून लाकडी मॉडेलं, मग प्लॅस्टिक, मग दोन चांदण्यांचा तो लाल-निळा शिक्का. मला आवडतो तो पोर्शेचा किस्सा. १९७६ला पोर्शे ९३४चं मोठं मॉडेल काढायचं होतं. फोटोंवरून मापं जुळेनात, तर या गृहस्थांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि मापं घेण्यासाठी खोलली. मॉडेल किती खपलं असेल ते असो, पण ज्याला गाडीचं वेड आहे त्याने गाडी उघडी पडलेली बघायची तयारी ठेवावी लागते. माझी ती सोय नाही. अण्णांची गाडी कधीच भंगारात गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदलेली, वीस वर्षांची मर्यादा भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे एकही उरली नाही. माझ्याकडे आहेत ते सात फोटो, त्यांतल्या चारांत गाडीपुढे नातेवाईक उभे.

म्हणजे खोलायला हातात अण्णाच.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

ताई आली होती. ओवाळणं, नारळीभात, मग गाडी.

गेल्या आठवड्यात मी गंज केला होता. या छंदात गंजाचं फार कौतुक आहे. दाराच्या खालच्या कडेला तपकिरी रंग स्पंजने टिपायचा, त्यातून एक-दोन ओघळ खाली ओढायचे, चाकाच्या कमानीत वाळलेल्या चिखलाची पूड. चांगला जमला की खऱ्याहून खरा दिसतो. मला जमला होता, हे मी स्वतःच लिहून ठेवतो, कारण दुसरं कोणी म्हणालं नाही.

अण्णांनी गाडी हातात घेतली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हात थरथरतो, म्हणून मी खाली माझा तळहात धरला होता.

"माझ्या गाडीला गंज?"

"अण्णा, थोडा असायचाच की."

"कुठे होता? दाखव." आवाज चढला. "दर पावसाळ्याआधी पत्रा ठोकून, लांबी भरून, रंग मारून घ्यायचो. घरचे पैसे काढून. पॅसेंजर आधी दाराकडे बघतो, मग बसतो."

ताईने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मागच्या सीटखाली भोक होतं पण."

होतं! मी विसरलोच होतो. मागे डाव्या बाजूला रबरी मॅट उचलली की रुपयाएवढं भोक, त्यातून खालचा डांबरी रस्ता पळताना दिसायचा. गणपतीनंतर अण्णा आम्हाला एकदा जुहूला न्यायचे तेव्हा आम्ही दोघं आळीपाळीने त्यात डोळा घालून बसायचो. माहीमच्या सिग्नलला गाडी थांबली की भोकात एकच खडा बराच वेळ दिसत राहायचा. मला समुद्रापेक्षा ते भोक आवडायचं. हे अण्णांसमोर बोललो नाही.

ते जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "भोक होतं. त्यावर मॅट होती."

ताई गेल्यावर थिनरच्या बोळ्याने सगळा गंज पुसला. मग गाडी उलटी करून फ्लोअरला मागच्या डाव्या पायाखाली सव्वा मिलिमीटरचं भोक पाडलं. ब्लेडच्या टोकाने त्याच्या कडा जरा खाल्ल्या, सायकलच्या जुन्या ट्यूबचा चौकोन कापून वरून चिकटवला. आता ते कोणालाच दिसणार नाही. ताईला फोटो पाठवला, मॅट लावायच्या आधीचा.

१७ ऑगस्ट, रविवार

एक गोष्ट या महिन्यात ध्यानात आली. मागची सीट मी डोळे मिटून करू शकतो. लाल रेक्झिन, पांढरी पायपिंग, उजव्या कोपऱ्यात उसवलेली शिवण, दाराला काच वरखाली करायचं हँडल नाही. हँडल सगळ्या दारांना मिळून एकच, ते अण्णांच्या डॅशबोर्डच्या खणात. उकडायला लागलं की मागून मागून घ्यायचं. हे सगळं झालंय. पुढच्या भागाचं मात्र मला जवळजवळ काही ठाऊक नाही. मी तिथे बसलोच नव्हतो. अण्णांची मान, कॉलरवर दुमडून ठेवलेला रुमाल आणि आरशात अर्धे डोळे, एवढीच माझी पुढची बाजू.

म्हणून डॅशबोर्ड आणि स्टेअरिंग इटालियन फियाट ११००चे फोटो बघून केलं. गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या दांड्यावर. फोटोत होता तसा उजवीकडे लावला. टाचणी वाकवून, टोकाला एम-सीलचा थेंब. दोन संध्याकाळी गेल्या.

अण्णांना दाखवला. ते काही बोलले नाहीत. खुर्चीत सरळ झाले, पाय जमिनीवर नीट टेकवले, दोन्ही हात पुढे हवेत धरले. डावा पाय दाबला गेला. डावा हात चाकावरून सुटून खाली गेला, काहीतरी ओढल्यासारखं केलं आणि परत वर आला.

"डावीकडे आहे," म्हणाले. "उजवीकडे ठेवून काय दाराला लाथ मारू?"

अर्थात! इटलीची गाडी डावीकडे बसून चालवायची, तिचा दांडा उजवीकडे. आपलं सगळं उलट. स्टेअरिंग मी बरोबर उजव्या बाजूला आणलं आणि दांडा मात्र इटलीतच ठेवला. पंचावन्न वर्षांचा माणूस, रोज स्वतः गाडी चालवतो, आणि हे लक्षात येत नाही.

टाचणी उपटताना स्टेअरिंगही निघून आलं. फेविक्विक बोटाला, बोट डॅशबोर्डला. काळ्या डॅशबोर्डवर माझा अंगठा आता कायमचा उमटलाय. राहू दे, पुढच्या काचेतून नीट बघितल्याशिवाय कळत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

मीटर. शेवटचं काम, म्हणून मुद्दाम मागे ठेवलेलं.

जुना लोखंडी मीटर, बाहेरच्या अंगाला, पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्याजवळ. वर झेंडा. झेंडा उभा म्हणजे गाडी रिकामी, पाडला म्हणजे भाडं चालू. "मीटर टाका" ते तेव्हापासूनच. डबा स्टायरीनच्या तुकड्याचा, पाच मिलिमीटर उंच. झेंडा सरबताच्या पाकिटाच्या चांदीचा, दोन मिलिमीटर. तो चिमट्यात धरून बसवायला पाऊण तास गेला. श्वास धरून. ही मधे भाजी कोणती करू विचारायला आली, मी मान हलवली. त्यावरून कारलं झालं.

अण्णांनी भिंग लावून बघितलं.

"उभा ठेवलास?"

"हो. स्टँडवर उभी आहे ना."

"म्हणजे सकाळपासून भाडं नाही." भिंग खाली ठेवलं. "खाली कर."

खाली करायला गेलो आणि झेंडा चिमट्यातून उडाला. कुठे गेला दिसलाच नाही. नुसता टिक् आवाज. मग मी जमिनीवर ओणवा, मोबाईलचा टॉर्च लावून, आणि अण्णा वरून पत्ता सांगतायत: "कुंडीमागे बघ. नाही, तिथे नाही. डाव्या हाताला. अरे डाव्या!" चाळीस मिनिटं. सापडल्या त्या दोन मुंग्या, एक तीळ आणि मागच्या वर्षी हरवलेला आरसा. झेंडा नाही. पाकिटाच्या चांदीचा दुसरा कापला, आडवा चिकटवला. अण्णांनी पुन्हा भिंग लावलं, मान हलवली.

"आता वेटिंग चालू."

बुधवारी गणपती. हॉलमधल्या शोकेसचा वरचा कप्पा मखरासाठी रिकामा करायचा होता, म्हणून गाडी खालच्या कप्प्यात ठेवली. शेपटीकडचे छोटे पंख आणि उभे दिवे मला फार आवडतात, म्हणून मागची बाजू दिसेल अशी, तोंड भिंतीकडे.

रात्री पाणी प्यायला उठलो तर गाडी फिरवलेली होती. तोंड बाहेर. अण्णांच्या खोलीत दिवा चालू होता.

"अशी लाव," आतून आवाज आला. "पहाटे अंधारात रिव्हर्स मारायचा त्रास नको."