निजलेला गडी

मंगळवार, रात्री उशिरा

आत्याला जत्रेच्या स्मरणिकेतला माझा फोटो दाखवला. चष्मा लावून तिनं पान जवळ घेतलं, लांब धरलं आणि विचारलं, "ह्यातला निजलेला गडी कुठं गेला गं?"

एवढंच. दुपारपासून तेच कानात आहे.

पारावरच्या त्या वीरगळासाठी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या कोरीव स्मारकदगडासाठी, मी तीन दिवस पहाटे उठले. काळा दगड भर उन्हात सपाट दिसतो. सकाळचं तिरपं ऊन पडलं की घोड्याचा लगामसुद्धा उठून येतो, तोही थोडाच वेळ. तिसऱ्या दिवशी साधलं. शेजारी काळी-पांढरी मोजपट्टी आठवणीनं ठेवली होती. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या संग्रहालयातली छोटी हस्तिदंती बाई पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी चाट पडले होते. १९३८ साली इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी तिचं नातं सांगतात, फोटोंवरून मला ती केवढी तरी वाटायची, आणि प्रत्यक्षात वीतभरही नाही. माझ्या फोटोत असं होऊ द्यायचं नाही, हे तिथंच ठरवलं होतं.

आणि मग मीच ती पट्टी कापली. स्मरणिकेतल्या चौकटी चौकोनी, वीरगळ कमरेएवढा उभा आणि अरुंद. काहीतरी जाणारच होतं. वर सूर्य-चंद्र, ते आहेत तोवर ह्याची आठवण राहावी म्हणून कोरलेले. ते ठेवले. खाली तेलाचा राप, उदबत्तीचे रिकामे पुडे, कुणाचा तरी तांब्या. तिथं कापलं. सगळे म्हणाले, छान आलाय. मलाही वाटलं.

वीरगळ खालून वर वाचायचा. खाली लढाई आणि पडलेला वीर, त्यावर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा. हे मी पोरांना सांगत फिरते. आणि माझ्या फोटोत तो न मरताच स्वर्गात गेला. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो, ह्याच्यावरही नाही. नाव नाही, गाव नाही. त्याचं म्हणून होतं ते मरणच, आणि ते मी उदबत्तीच्या पुड्यांबरोबर काढून टाकलं.

तीन पहाटांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. माझं नावसुद्धा चुकीचं छापलंय. जाऊ दे.

संध्याकाळी तिला मोबाइलवर मूळ फोटो दाखवला. आधी तांब्या ओळखला, तिचाच होता. मग निजलेल्या गड्यावर बोट ठेवलं. ४० वर्षं ती त्याच्यावर पाणी घालते. म्हणाली, "ह्येच्या खाली गाया हुत्या. चार. पार बांधला तवा शिमिटात गेल्या."

गाई! म्हणजे गुरं सोडवताना पडलेला. मी काहीही न कापता पाठवला असता तरी तो कशासाठी मेला ते फोटोत नव्हतंच. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण गाई सिमेंटात गेल्या तेव्हा मी नव्हते. निजलेला गडी माझ्या बोटानं गेला.

छापलेलं पान आता बदलत नाही. मूळ फोटो तसाच ठेवलाय, पट्टीसकट, तांब्यासकट. खाली लिहिलं: 'सर्वांत खाली चार गाई, पाराच्या सिमेंटाखाली. सांगणारी आत्या.' तिला वाचून दाखवलं. जरा वेळ गप्प बसली.

"चार का पाच गं? थांब, उद्या सुतारीणकाकूला इचारते."