काळ्या शर्टाचा विटकरी कसा होतो

काळ्या शर्टावर ब्लीचने विटकरी रंग कसा आणता, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. लोकलच्या लेडीज डब्यात महिन्यातून एकदोनदा तरी कोणीतरी माझ्या पाठीवरचं विटकरी चक्र बघून विचारतंच, ताई शर्ट कुठून घेतला, फॅशन स्ट्रीट का? मी म्हणते नाही हो, जुनाच आहे, घरी ब्लीच मारलंय, की लगेच पुढचं, मग कापड फाटत नाही?

फाटतं ना. माझा पहिला टी-शर्ट फाटला. मोरीत बादलीत भिजवला आणि फोन आला, पाऊण तासाने बघते तर रंग एकदम झकास, पण तिसऱ्या धुण्याला खांद्याला बोट जाईल एवढं भोक. कारण ब्लीच रंग खाऊन थांबत नाही, मग धाग्यालाच लागतं. म्हणून कुठलं ब्लीच वापरता हा प्रश्न मला फालतू वाटतो, दुकानातलं साधं कपड्यांचं चालतं, खरी गंमत ते थांबवण्यात आहे.

मी एक भाग ब्लीच, दोन भाग पाणी करते आणि स्प्रेच्या बाटलीतून मारते, भिजवत नाही. दोन-चार मिनिटांत काळा तांबूस व्हायला लागतो (काळा म्हणजे बऱ्याचदा दोन-तीन रंगांची मिसळ, त्यातला जो टिकतो तो दिसतो, म्हणून प्रत्येक काळ्याचा निकाल वेगळा). ओलं कापड गडद दिसतं, वाळल्यावर अजून फिकं होतं, तेव्हा हवा त्यापेक्षा जरा आधीच पाण्याखाली धरायचं. मग अर्धी बादली पाण्यात चमचाभर हायपो, पंधरा मिनिटं. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पूर्वी फोटो डेव्हलप करणारे वापरायचे ते खडे, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलवाल्यांकडे विचारा. माशांच्या टाकीतलं क्लोरीन मारायलाही हेच वापरतात.

व्हिडिओत बायका व्हिनेगर ओततात ते अजिबात करू नका. ब्लीचमध्ये आंबट काही पडलं की क्लोरीन वायू सुटतो. दारावर येणारं संडास साफ करायचं ॲसिड तर त्याहून वाईट, आणि आपल्या घरांत दोन्ही बाटल्या मोरीच्या त्याच कोपऱ्यात असतात! मी तरी हे काम गॅलरीत करते, हातमोजे घालून, शेजारच्या काकू नाक मुरडतात ते चालतं.

लोकर आणि रेशमाला ब्लीच लावूच नका, विरघळतं. कॉटन आहे की नाही कळत नसेल तर आतल्या बाजूचा एक धागा काढून जाळायचा, कागदासारखा वास आणि राख आली तर कॉटन, कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. भाच्याचा गणपती मंडळाचा टी-शर्ट मी हे न बघताच घेतला होता, दोनदा मारलं तरी ढिम्म, वासाने माझंच डोकं दुखलं.

आणि हो, ब्लीच मारलेल्या शर्टावर जी काळी शिवण उठून दिसते ती मुद्दाम घातलेली नाहीये. कापड कॉटनचं पण दोरा पॉलिएस्टरचा, तो रंग सोडत नाही, त्यामुळे बाही, कॉलर, खिसा सगळं पेनाने आखल्यासारखं दिसतं. टेलर कोण म्हणून विचारलंत तर काय सांगू, कोणी नाही.