मनगटापाशी संपणारा सांगाडा

हालचाली, हातवारे आणि आवाज यांवरून माणसाची भावना यंत्राला ओळखता यावी, यासाठी लागणाऱ्या क्लिपना लेबल लावण्याचे काम आमचा पुण्यातील गट करतो. प्रत्येक क्लिप तिघे जण स्वतंत्रपणे तपासतात: आधी नुसता आवाज, मग नुसते चित्र, शेवटी दोन्ही. दोघांचे जुळले की ते लेबल कायम होते आणि तिसऱ्याचे मत पुसले जाते. माझ्या मते हा नियम कामाचा वेग वाढवतो आणि कामाचा जीव घेतो.

ती क्लिप बचत गटातील एका बाईंची होती. संमती घेऊन आणि मानधन देऊन केलेली, कर्जाविषयीची मुलाखत. "हप्ता वेळेवर जातो, कसलीच अडचण नाही," असे त्या हसतमुखाने सांगत होत्या. प्राट या आवाज तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला स्वराच्या चढउतारांचा आलेख जवळजवळ सपाट होता. दोघांनी 'तटस्थ' लिहिले, तिसरीने 'भीती'. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, चेहरा नका बघू, हात बघा. नवऱ्याचा विषय निघाला की हात थांबतोय."

मी आवाज बंद करून एकेक फ्रेम पुढे सरकवली. बाई पदराचे टोक तर्जनीभोवती गुंडाळत होत्या, सोडवत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. "मालक काय करतात?" असा प्रश्न आला आणि बोट पदरासकट जागच्या जागी थिजले, विषय बदलल्यावर ते पुन्हा फिरू लागले. पुढे नवऱ्याच्या सहीचा उल्लेख आला, तेव्हाही नेमके तेच घडले. ओठांवरचे हसू मात्र या सगळ्या वेळात जराही हलले नाही. ती भीतीच होती, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तिला तटस्थ म्हणणे मला शक्य नव्हते.

यंत्राला यातले काहीच दिसत नाही. गुन्नार योहानसन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिले होते की, अंधारात सांध्यांवरचे डझनभर प्रकाशबिंदू हलताना दिसले तरी पाहणाऱ्याला चालणारा माणूस ओळखू येतो. यंत्रही माणसाचे शरीर अशाच बिंदूंनी टिपते; त्या बिंदूंच्या जुळणीला सांगाडा म्हणतात. आम्ही वापरतो तो सांगाडा १७ बिंदूंचा आहे: नाक, डोळे, कान, खांदे, कोपरे, मनगटे, कंबर, गुडघे आणि घोटे. त्यात बोटे नाहीत. प्रत्येक हाताचे वेगळे २१ बिंदू टिपणारी पद्धत उपलब्ध आहे, पण खर्च आणि वेळ वाढतो म्हणून ती नाकारली गेली. बसून बोलणाऱ्या, साडीने गुडघे-घोटे झाकलेल्या बाईच्या बाबतीत मग उरतेच काय?

मी तिन्ही मते नोंदीत ठेवण्याची विनंती केली. एका क्लिपसाठी नियम बदलता येणार नाही, असे उत्तर आले आणि क्लिप 'तटस्थ' म्हणून पुढे गेली.

ज्या ग्राहकासाठी हे काम चालले आहे, त्याला ते कर्जाच्या मुलाखतींत वापरायचे आहे. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून नोकरीच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत अशा यंत्रांवर, वैद्यकीय व सुरक्षेचे अपवाद सोडून, बंदी घातली आहे. आपल्याकडे कर्ज मागायला आलेल्या बाईला असे कोणते संरक्षण आहे? तिची भीती यंत्राने ओळखली असती, तर कोणी तिची विचारपूस केली असती की तिचा अर्ज बाजूला ठेवला असता, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तिसरे मत पुसू नये, ही मागणी मात्र मी आता लेखी दिली आहे.