आजी परत दिसली

साखर पेठेतल्या घरी माळा आवरताना ताईच्या लग्नाची व्हीसीडी सापडली. लॅपटॉपमधल्या प्लेअरला तिच्यातली व्हिडिओची ‘डॅट’ फाइल उघडेचना. व्हीएलसी हे दुसरं व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर टाकलं आणि लगेच आजी दिसली! पंगतीत शेंगाचटणी वाढत, "घे की गं अजून" म्हणत. आईनं पदर डोळ्याला लावला. आजीला जाऊन नऊ वर्षं झाली, आवाज पार विसरलो होतो.

व्हीएलसी १९९६ साली फ्रान्समधल्या कॉलेजच्या पोरांनी कॅम्पसच्या नेटवर्कवर व्हिडिओ बघता यावेत म्हणून सुरू केलं. २००१ पासून त्याचा कोड सगळ्यांना खुला. जाहिरात नाही, पैसे नाहीत. मला तरी सगळ्या बड्या कंपन्यांपेक्षा ही माणसं मोठी वाटतात.

उद्या पेनड्राइव्ह घेऊन जुळे सोलापूरला, ताईकडे.