भाचा समुद्रावर निघालाय

आज दिवसभर धरमपेठेत ताईकडे होते. भाचा मित्रांसोबत शिडाच्या बोटीने कोचीहून लक्षद्वीपला निघतोय. ताईच्या पोटात गोळा! मी एकेक वस्तू हातात घेऊन विचारत बसले.

लाइफ जॅकेटला दोरीने बांधलेली शिट्टी. ईपर्ब नावाचं यंत्र, चालू केलं की ४०६ मेगाहर्ट्झवर थेट उपग्रहाला संकटाचा संदेश. ओआरएसची पाकिटं भरपूर, कारण समुद्रावर वाऱ्याने घाम लगेच वाळतो, शरीरातलं पाणी कमी होतंय हे कळतच नाही. प्रवाळाजवळ जायचं ते ऊन डोक्यावर आणि पाठीशी असताना. तेव्हाच पाण्याखालचे खडक दिसतात.

"मावशी, वाऱ्याकडे तोंड कर. आपल्या गोलार्धात वादळाचं केंद्र उजव्या हाताला, जरा मागे." हे ऐकून मला खरंच धीर आला. पोरगं शिकून निघालंय. ऑक्टोबर ते डिसेंबर वादळांचे महिने, २०१७ च्या डिसेंबरात ओखी लक्षद्वीपवरूनच गेलं, म्हणून यांनी जानेवारी धरला. तरी हवामान खात्याचा इशारा आला तर निघायचं नाही, हे ताईने त्याच्याकडून वदवून घेतलंच.

जाण्याचा मार्ग आणि पोचायची वेळ त्याने कागदावर लिहून फ्रिजवर लावलीय. खाली लाल पेनाने तटरक्षक दलाचा नंबर, १५५४.