लाथ बास्केटला, भुर्दंड पुढच्याला

डिस्क गॉल्फला पंच नसतो. स्पर्धेचा डायरेक्टर असतो, मोठ्या स्पर्धेत एखाद-दुसरा अधिकारी कोर्सवर फिरत असतो. पण एका कार्डावर जे तीन-चार जण एकत्र खेळतात, त्यांच्या प्रत्येक थ्रोवर नजर ठेवणारा तिऱ्हाईत माणूस नसतो. कुणाचा पाय चुकीच्या जागी पडला, कुणाची डिस्क दोरीबाहेर गेली, कुणी 30 सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेतला, हे सगळं एकमेकांनीच पाहायचं आणि एकमेकांच्या तोंडावर सांगायचं. याच गोष्टीमुळे मला हा खेळ आवडायला लागला, आणि हल्ली माझं डोकं तापतं तेही याच गोष्टीमुळे.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गॉल्फच, पण काठी आणि चेंडूऐवजी तबकडी. कमीत कमी थ्रोमध्ये ती साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये टाकायची. एड हेड्रिक यांनी 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमचा कोर्स आखला, साखळ्यांची बास्केटही त्यांचीच, आणि 1976 मध्ये पीडीजीए, म्हणजे प्रोफेशनल डिस्क गॉल्फ असोसिएशन, ही संघटनाही त्यांनीच सुरू केली. मी राहते शार्लटला, नॉर्थ कॅरोलायनात. इथे पार्कापार्कात कोर्स आहेत, 2012 ची व्यावसायिकांची जागतिक स्पर्धा इथेच झाली, आणि जवळच रॉक हिलला विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारात दर ऑक्टोबरात यूएसडीजीसी ही अमेरिकेची मोठी स्पर्धा भरते. त्यामुळे टीव्हीवर ज्यांना पाहावं ते खेळाडू इथे दोरीपलीकडे दहा पावलांवर दिसतात. त्यांचे चेहरे दिसतात, पुटपुटणं ऐकू येतं, आणि कधी कधी त्याहून बरंच काही.

एका स्पर्धेत मी स्पॉटर म्हणून उभी होते. स्पॉटर म्हणजे डिस्क झाडीत गेली तर कुठे पडली ते पाहून झेंडा दाखवणारा स्वयंसेवक. स्पर्धेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, खेळाडूचंही नाही, कारण मला एका माणसाबद्दल बोलायचं नाहीये. राउंडमधला बारावा होल, बास्केट उतारावर. त्याचा पट, म्हणजे बास्केटमध्ये टाकायचा जवळचा थ्रो, असेल वीसेक फुटांचा. या पातळीवरची माणसं असा पट शंभरात नव्वदपेक्षा जास्त वेळा टाकतात. डिस्क साखळ्यांत बरोबर मध्ये गेली, दांड्यावर आपटली आणि बाहेर आली. तेवढ्यावर भागलं नाही. कडेवर उभी पडून घरंगळत खाली गेली, पार पाचोळ्यात.

त्याने आधी आभाळाकडे पाहिलं. मग एक सणसणीत शिवी, आणि मग धावत जाऊन बास्केटला लाथ. सगळा सांगाडाच हलला. साखळ्या खळखळत राहिल्या आणि आवाज थांबल्यावरही हेलकावे खात राहिल्या.

मी खरं तर पाहत होते त्याच्या मागच्याला. पुढचा पट त्याचा होता. साधारण तेवढ्याच अंतरावरून, आणि त्या पटवर त्याचं बक्षिसाच्या यादीतलं स्थान अवलंबून होतं. तो डिस्कमागे पाय रोवून उभा राहिला होता, हात पुढे काढला होता, तो त्याने मागे घेतला. टॉवेलने डिस्क पुसली. साखळ्या अजून हलत होत्या. पुन्हा पवित्रा घेतला, पुन्हा थांबला. पलीकडे पहिला गडी उतारावर आपली डिस्क शोधत पाचोळा उडवत होता. शेवटी याने टाकला. पट खाली बसला, बास्केटच्या कडेला लागून पडला.

कुणी काही बोललं नाही. चौघांनी स्कोअर लिहिले आणि पुढच्या टीकडे, म्हणजे पुढचा होल जिथून सुरू होतो तिकडे, चालू लागले.

पीडीजीएच्या नियमांत याला कर्टसीचा, म्हणजे सौजन्याचा, भंग म्हणतात. जुन्या नियमपुस्तकात तर उदाहरणंच दिली होती: ओरडणं, शिव्या देणं, कोर्सवरच्या साहित्याला फटके मारणं, बॅग फेकणं किंवा लाथाडणं. शिक्षा काय? त्या राउंडमध्ये पहिल्यांदा घडलं तर फक्त वॉर्निंग, स्कोअरला धक्काही नाही. दुसऱ्यांदा घडलं तर एक थ्रो वाढतो, आणि पुढे दर वेळी एक. याच्या वरची पायरी वेगळी आहे. सतत शिवीगाळ, रागाच्या भरात वस्तू फेकणं, कुणाशीही उघड उद्धटपणा, झाडं किंवा मालमत्तेची नासधूस, धमकी, मारहाण, असल्या गोष्टी गैरवर्तनात मोडतात. त्यात डायरेक्टर खेळाडूला स्पर्धेतून काढू शकतो आणि संघटना निलंबितही करते. पण मला बोलायचंय ते खालच्या पायरीबद्दल, जिथे वॉर्निंग फुकट आहे. तरीही ती कुणी देत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी पार्किंगमध्ये तो दुसरा खेळाडू गाडीच्या डिकीवर बसून बूट काढत होता. मी ओळख सांगितली आणि सरळ विचारलं की वॉर्निंग का नाही दिली. तो शांतपणे म्हणाला, "अजून सहा होल त्याच्याबरोबर चालायचे होते. आणि पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं एकाच भाड्याच्या घरात राहणार आहोत." त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

हे समजून घ्यायला या खेळाची अर्थव्यवस्था पाहावी लागते. जगज्जेत्या पॉल मॅकबेथने 2021 मध्ये डिस्कक्राफ्ट कंपनीशी दहा वर्षांचा एक कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा बाहेरच्या जगाला वाटलं की या खेळात पैसा आला. आला, पण वरच्या मोजक्या लोकांपुरता. बाकीचे व्हॅनमध्ये झोपतात, चौघं मिळून एक घर घेतात, पेट्रोल वाटून घेतात, आणि स्पर्धेत मागच्या भागात राहिले तर प्रवेश फीसुद्धा परत मिळत नाही. अशा माणसाचा पट साखळ्यांनी बाहेर फेकला तर त्याच्या पोटात काय होत असेल ते मला कळतं. त्या लाथेत घरभाडं असतं, पुढच्या गावाचं पेट्रोल असतं. म्हणून "प्रोफेशनल आहेस तर तोंड आवर" असं ऐटीत सांगणारे मला पटत नाहीत. पण मागे उभा असलेला गडीही त्याच व्हॅनमधून आलेला असतो. त्याचंही घरभाडं त्याच पटवर असतं. राग एकाचा आणि किंमत दुसऱ्याची, हे कुठल्या न्यायाने?

माझा धाकटा भाऊ सांगलीला क्लबच्या क्रिकेट सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. त्याला ही हकिकत फोनवर सांगितली तर म्हणाला, "ताई, आमच्यात कुणी बॅट आपटली की मी रिपोर्ट लिहितो. तो मला शिव्या घालतो, मी स्कूटर काढून घरी येतो. दुसऱ्या दिवशी त्याच्याच गाडीत बसून मला कुठे जायचं नसतं. वाईट व्हायला पंच लागतो गं. तुमच्यात वाईट व्हायला माणूसच नाही ठेवलेला." आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये तर 2016 पासून डिमेरिट पॉइंट आहेत, मॅच रेफरी आहे, सुनावणी आहे. तिथे समोरच्या संघाच्या खेळाडूला बोट दाखवावं लागत नाही.

मग पंच आणा, असं म्हणणारे आहेत. मला ते नको आहे. एका स्पर्धेत शंभराच्या आसपास खेळाडू, जंगलातून वाकडेतिकडे गेलेले अठरा होल, दर कार्डामागे पंच कुठून आणणार, हा एक भाग झाला. दुसरा भाग असा, की स्वतःवर स्वतः दंड लावणारी माणसं मी याच खेळात पाहिली आहेत. पाय चुकल्याचं कुणाच्या लक्षात आलेलं नसतं आणि तो स्वतःच म्हणतो, माझा एक धरा. हे घालवून काय मिळवायचं?

कॅमेऱ्यांमुळे थोडा फरक पडला आहे. जोमेझ प्रोच्या यूट्यूब चॅनलवर नेट सेक्स्टन आणि जेरेमी कोलिंग कॉमेंट्री करायचे, दोघेही स्वतः यूएसडीजीसी जिंकलेले, कोलिंग 2016 ला आणि सेक्स्टन 2017 ला. ते चित्रण दुसऱ्या दिवशी, कापून-जोडून यायचं. आता डिस्क गॉल्फ नेटवर्कवर सामने थेट दिसतात आणि टीजवळचा माइक सगळं पकडतो. पण कॅमेरा असतो पुढच्या एक-दोन कार्डांवर. पंचविसाव्या क्रमांकाच्या कार्डावर काय चाललंय ते झाडांनाच ठाऊक. शिवाय कॅमेरा ज्याने लाथ मारली त्याच्या चेहऱ्यावर जातो, क्लिप त्याची फिरते, चर्चा त्याचीच होते. मागचा जो आपला पट धरून ताटकळत उभा राहिला, तो चौकटीबाहेरच राहतो.

राग गिळणं शक्य असतं का? 2021 ची जागतिक स्पर्धा, युटा राज्यातलं ऑग्डेन, शेवटच्या दिवसाचा शेवटचा होल. मॅकबेथ एका थ्रोने पुढे होता, तोवर पाच वेळचा जगज्जेता. जेम्स कॉनरॅड 247 फुटांवर. तिथून थेट बास्केटमध्ये टाकली तरच बरोबरी. त्याने ती टाकली. साखळ्या वाजल्या आणि माणसं अक्षरशः अंगावर धावून आली. मी तो व्हिडिओ लावते तेव्हा कॉनरॅडकडे एकदा पाहते आणि मॅकबेथकडे पुन्हा पुन्हा. खिशात आलेलं विजेतेपद त्या एका थ्रोने बाहेर ओढलं होतं, आणि त्या गलक्यात त्याला अजून स्वतःचा होल संपवायचा होता. तो त्याने संपवला. प्लेऑफच्या पहिल्याच होलवर हरला, आणि कॉनरॅडचं अभिनंदन केलं. पुढच्या वर्षी कॅन्ससमधल्या एम्पोरियाला त्याने सहावं विजेतेपद घेतलं. त्याच वर्षी आणि पुढच्याही वर्षी महिलांत जिंकली एस्टोनियाची क्रिस्टिन टाटार. तिचा पट चुकला की ती काय करते? डिस्क उचलते, जवळचा थ्रो पुरा करते आणि पुढच्या खेळाडूच्या वाटेतून बाजूला होते. मला त्यातलं शेवटचं सगळ्यात मोठं वाटतं.

शांत स्वभाव सगळ्यांना मिळत नाही, आणि मिळायलाच हवा असंही नाही. पट गेल्यावर कुणी मोठ्याने ओरडलं, मुठी आवळल्या, टोपी उडवली तर माझी काही हरकत नाही. ते पाहायलाच लोक येतात. पुढच्याची पाळी सुरू व्हायच्या आत ते संपावं, एवढंच.

आमच्या बुधवारच्या लीगमध्ये मी आता वॉर्निंग देते. पहिल्यांदा दिली ती एका तरण्या मुलाला. चांगला खेळतो, पुढे प्रो व्हायचं म्हणतो. ड्राइव्ह, म्हणजे टीवरून टाकलेला पहिला थ्रो, झाडाला लागल्यावर त्याने बॅग उचलून टी-पॅडवर आपटली. आतल्या डिस्क बाहेर पडून माझ्यानंतर टाकणाऱ्या आजोबांच्या पायाशी गेल्या. मी आवाज न चढवता म्हटलं, "ही कर्टसीची वॉर्निंग. स्कोअर तसाच राहील." तो लाल झाला. दोन होल माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि त्यानंतर बरेच आठवडे माझं कार्ड टाळलं. वाईट वाटलं मला. पण आजोबांनी त्या होलला नीट वेळ घेऊन टाकलं, कुणाच्या डिस्क पायांनी बाजूला न सारता.

लीगच्या चालकांना मी एकच सुचवलं आहे. राउंड सुरू होण्याआधी सगळे जमतात तेव्हा जसं ओबी (हद्दीबाहेरची जागा) कुठे, दोरी कुठे, हे सांगतात, तसा हा नियमही मोठ्याने वाचा, आणि पहिल्या वॉर्निंगला दंड नाही हे त्यात दोनदा सांगा. वॉर्निंग म्हणजे भांडण नव्हे, हे आधीच सगळ्यांच्या कानावर पडलेलं असलं की देणाऱ्याची जीभ अडखळणार नाही आणि घेणाऱ्यालाही तो अपमान वाटणार नाही. चालक म्हणाले, वसंतातल्या हंगामापासून वाचू. तोवर आमच्या कार्डावर ते मीच वाचून दाखवते.