कोमट शिराझ आणि वाळलेला मोह

बाटली उचलली तेव्हाच काच कोमट लागली. दुपारच्या वावटळीत लाइन गेली होती. जनरेटरवर किचनचे फ्रीजर आणि पंखे चालले, वाइनचं कपाट बंदच राहिलं, आणि हे माझ्या ध्यानात आलं ते थेट संध्याकाळी सातला. मे महिना, ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळचं रिसॉर्ट. अंधार पडला तरी भिंती तापलेल्याच होत्या.

टेबलावर नागपूरचे जिनिंगवाले काका होते, सोबत घरची मंडळी आणि त्यांची म्हातारी आई. काका दरवर्षी ताडोब्याला येतात आणि एकच सांगतात, "सगळ्यात जड लाल वाइन काढ." त्यासाठीच आम्ही ऑस्ट्रेलियाच्या बरोसा खोऱ्यातली शिराझ ठेवतो. साडेचौदा टक्के अल्कोहोल, शाईसारखा रंग. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला. त्याआधी अशा बाटलीवर 150 टक्के आयात शुल्क होतं. करारानंतर महागड्या बाटल्यांवर ते 75 टक्क्यांवर आलं. गावाकडच्या टेबलावर अशी बाटली दिसते यात मला अजून नवल वाटतं. 2015 ते 2021 चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती, तेव्हा याच हॉलमध्ये मी लिंबूपाणी वाढायचो.

त्या दिवशी जेवणाला सावजी मटण होतं. काकांनी घास घेतला, वर घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"भाऊ, बाटली खराब हाय का? नुसता गळा जाळून राहिली."

मॅनेजर कानात म्हणाले, उघडलेली बाटली परत घ्यायची नाही. मी थोडी ओतून चाखली. वाइन चांगली होती. चूक वाढण्यात होती, आणि वाढणारा मी होतो. लाल वाइन 'रूम टेम्परेचर'ला द्यावी म्हणतात ते युरोपातल्या खोलीचं, सोळा-अठरा अंशांचं. आमच्या मे महिन्यात वाइनचा वास येतच नाही, अल्कोहोलच नाकात चढतो. त्यात सावजीचं तिखट. तिखटाची आग अल्कोहोलने आणखी भडकते आणि टॅनिन, म्हणजे लाल वाइनमधला तुरट अंश, तोंड आवळून टाकतं, कच्चं टेंभुर चावल्यावर आवळतं तसं.

बर्फाच्या बादलीत मी बाटली पंधरा मिनिटं ठेवली, त्याहून जास्त नाही. फार गार केली की अल्कोहोल दबतो, पण तुरटपणा वर येतो. मग काकांना खरं काय ते सांगितलं, "साहेब, बाटली चांगली आहे, मी तापलेली आणली. आणि या मटणासोबत ही गार करूनही जमणार नाही. जेवताना नाशिकची गार रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, घ्या, ही नंतर सावकाश पिऊ." मॅनेजर माझ्याकडे बघत होते. काका जरा थांबले, मग म्हणाले, "आण बरं."

रोझेची बाटली रस्सा संपायच्या आत रिकामी झाली. सूनबाई म्हणाल्या, "पुण्यातही आता आम्ही हलकीच घेतो, जड लाल जेवणावर बसते." हे मला नवीन नव्हतं. टेबलावरून परत येणारे ग्लास मीच उचलतो. दोन हंगामांपासून शिराझचे ग्लास अर्धे परत येत होते, हलक्या लालचे आणि रोझेचे कोरडे. तरी ऑर्डर लिहिताना मी जुन्या सवयीने जड लालच लिहीत होतो, कारण पाहुण्यांना महागडी, दणकट बाटली मागायला आवडते असं मी धरून चाललो होतो.

जेवणानंतर अंगणात खाटा टाकल्या. वारा जरा सुटला होता. शिराझ आता नेमकी गार होती. काकांनी घोट घेतला, डोळे मिटले, काही बोलले नाहीत. आईंनी ग्लास मागितला. त्या पीत नाहीत, नुसता हुंगला.

"हे तं वाळल्या मोहासारखं येते जी."

मी पुन्हा नाक लावलं. तसंच होतं. चैतात अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा तोच मनुकेसारखा, जड गोड वास. बाटलीमागच्या लेबलवर ब्लॅकबेरी, प्लम, तंबाखू लिहिलेलं असतं. मी ते पाठ करून पाहुण्यांना सांगायचो. आमच्या पोरांनी ब्लॅकबेरी कधी पाहिलीही नाही. मोह मात्र आम्ही पहाटे अस्वलाच्या आधी उठून वेचलाय.

थंडीच्या ऑर्डरमध्ये शिराझ कमी केली, रोझे वाढवली, पिनो न्वार या हलक्या लालच्या काही बाटल्या घेतल्या. आता शिराझ फक्त जेवणानंतर सुचवतो, आणि वास कसा म्हणून विचारलं तर आईंनी सांगितलेलंच सांगतो.